पार्किंग नेमकं पक्ष्यांच्या जागेवरच का येतं?

पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगतो. पण खाडीकाठी राहत असाल तर वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या खाडीवर होऊ घातलेल्या ‘निसर्ग उद्याना’चा नकाशा हाती आला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्या मंडळींना कळेलच, बाकीच्यांनी आपापल्या खाडीचं नाव घालून वाचावं, फार फरक पडणार नाही. नकाशा रंगीत आणि देखणा आहे. हिरवी झाडी, निळी खाडी, तिवरांमधून जाणारी लाकडी पायवाट, निरीक्षण मनोरा, सेल्फी पॉइंट, इंग्रजीत ‘आय लव्ह’ असं लिहिलेली मोठी लाल अक्षरं, मुलांसाठी झोपाळे, फूड स्टॉल, दोन हायमास्ट दिवे आणि शंभर गाड्यांचं पार्किंग. एका कोपऱ्यात फ्लेमिंगोचं चित्र. आमच्या खाडीवर मी आजवर फ्लेमिंगो पाहिलेला नाही, पण ते असो. चित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही.

बराच वेळ बघितल्यावर काय खटकतंय ते लक्षात आलं. नकाशातली खाडी काठोकाठ भरलेली आहे, सगळीकडे निळी. ओहोटी नावाची गोष्ट हा नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच आलेली नाही. आणि आमची खाडी तर दिवसाचे निम्मे तास चिखल असते.

खाडीवर पक्षी येतात ते पाण्यासाठी नाही, या चिखलासाठी येतात. नदी वरून गाळ आणते, तिवर-चिपीची पानं त्यात कुजतात, त्यावर किडे, गांडुळासारखे जीव, बारीक कुर्ल्या, शिंपले वाढतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखल्या, तुतवार, कुरल असे लांबून आलेले पक्षी त्यावर तुटून पडतात. यातले बरेचसे उत्तरेकडून, मध्य आशिया-सैबेरियाच्या बाजूनं हिवाळ्यासाठी येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी इथेच, या वास मारणाऱ्या चिखलात जमवायची असते.

आता प्रश्न असा की भरती आली, चिखल बुडाला, तर हे पक्षी जातात कुठे? त्यांना पोहता येत नाही असं नाही, पण बदकासारखे ते पाण्यावर बसून राहत नाहीत. त्यांना जवळच एखादी उंच, कोरडी, मोकळी जागा लागते. झाडी नको, कारण चारी बाजूंनी शत्रू दिसला पाहिजे. अशा जागी चार-पाच तास एका पायावर, चोच पिसांत खुपसून उभे राहतात आणि ओहोटीची वाट बघतात. आमच्याकडे ही जागा म्हणजे शाळेच्या मागचा खारवट माळ. कधीकाळी तिथे मिठागर होतं म्हणतात. आज तिथे काहीच नाही. महसुली भाषेत ‘पड’.

पार्किंग तिथेच दाखवलंय.

यात कुणाचा कट नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे. खाडीकाठी उंच, कोरडी, मोकळी, झाडं नसलेली जागा शोधायला इंजिनिअर निघाला की तो बरोबर तिथेच पोचतो जिथे पक्षी पोचलेत. त्याला हवं तेच त्यांनाही हवं आहे. तिवर तोडायचे नाहीत एवढं आता सगळ्यांना कळलंय. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की कांदळवनाचा नाश म्हणजे घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भंग. तेव्हापासून तिवराच्या फांदीला हात लावायलाही ठेकेदार दहादा विचार करतो. चांगलंच आहे. पण त्याचा एक उलटा परिणाम असा झाला की जिथे तिवर नाहीत तिथे काहीच नाही, अशी सगळ्यांची समजूत झाली. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत कांदळवन, चिखलपट्टे, पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा सगळ्यात संवेदनशील गटात टाकल्या आहेत. हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा राखायचा, हेही त्यात आहे. पण भरतीरेषेच्या वर असलेला, झाड नसलेला, घरटं नसलेला उघडा माळ या यादीत सहजासहजी बसत नाही. तिथे पक्षी अंडी घालत नाहीत, नुसते उभे राहतात. उभं राहण्याला कायद्यात शब्द नाही.

हे मी काही पुस्तकात वाचून शहाणा झालेलो नाही. उलट इथे एक कबुली द्यायची आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी याच खाडीवर पहिल्यांदा पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणि बसायला बाकडी आली तेव्हा ‘खाडीकिनाऱ्याचे रूप पालटले’ अशी चार कॉलमची बातमी मीच दिली होती, फोटोसकट. फोटोत सूर्यास्त, बाकड्यावर बसलेलं एक कुटुंब. त्या रस्त्याखाली पूर्वी भरतीचं पाणी मागच्या शेताडीत जायचं, तिथे आता दोन सिमेंटचे पाइप आहेत. त्यातला एक पहिल्याच पावसात प्लास्टिकनं तुंबला. मागे पाणी साचतं, डास होतात आणि पूर्वी तिथे मिळायची ती सुंगटं मिळत नाहीत. याची बातमी मी दिली नाही. कुणी विचारलंही नाही.

याचीच मोठी आवृत्ती बघायची असेल तर नवी मुंबईत बघा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, जवळपास 17 चौरस किलोमीटर, आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. अभिमानाची गोष्ट. पण ओहोटीला खाडीच्या चिखलात चरणारे हेच फ्लेमिंगो भरतीला उठून जातात ते भांडुप, नेरुळ, सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळ जागांवर. म्हणजे जेवणघराला संरक्षण मिळालं आणि झोपायची खोली बाहेर राहिली. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याचे रस्ते अडले, तलाव बिघडला आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्याच शहरात चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे आहेत. तिथल्या लोकांनी, पर्यावरणवाल्यांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून 2025 मध्ये त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला सरकारनं मान्यता दिली. तीस एकरांचा तलाव. त्यासाठी इतकी वर्षं, इतकी निवेदनं, आणि मेलेले पक्षी. आमच्या माळाचा आकार त्याच्या पाव पण नाही, आणि आमच्याकडे पाठपुरावा करणारे आम्ही पाच-सहा जण, त्यातले दोघे मुंबईला.

दुसरी गोष्ट वेळेची. उद्यानाची वेळ ठरलीये सकाळी 10 ते संध्याकाळी 6, सोमवारी बंद. ऑफिसच्या हिशेबानं बरोबरच आहे. पण खाडीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आमच्या आधीच्या पिढीला यासाठी अ‍ॅप लागत नव्हतं. तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, दुपारी बाराच्या आसपास पाणी भरलेलं, आणि खरी ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा चिखल भर दुपारी उघडा. आता मला सांगा, पुण्याहून कित्येक तास गाडी हाकत आलेला माणूस दुपारी बाराला तिकीट काढून मनोऱ्यावर चढला आणि त्याला नुसतं पाणीच दिसलं, तर तो काय करणार? सेल्फी काढणार, वडापाव खाणार, ‘काही नव्हतं तिथे’ असा रिव्ह्यू टाकून निघून जाणार. त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की साडेतीन वाजता ये, किंवा पाणी असताना मनोऱ्याकडे न जाता माळाकडे बघ.

सात कोटींच्या अंदाजपत्रकात भरती-ओहोटीच्या वेळा लिहायचा एक फळा नाही, हे मी दोनदा तपासलं. नाही.

वेळेवर चालणं जमत नाही असंही नाही. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट निघते तिची वेळ भरती बघूनच ठरते, कारण पाणी नसेल तर बोट चिखलात बसेल. लोक त्या वेळेला येतात, आधी नोंदणी करून. आणि आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या कोळी बायका 2017 पासून कांदळवन सफर करतात, वल्ह्यानं होडी मारत. इंजिन नाही. त्यामुळे आवाज नाही, तेल नाही, लाटांनी काठ ढासळत नाही, आणि खंड्या दहा हातांवरून हलत नाही. ज्या बाईनं लहानपणापासून त्या चिखलात कालवं काढली तीच तुम्हाला सांगते की हे तिवर, ही चिपी, याची मुळं अशी वर का आलीत. (पांढरी चिपी हे 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे, ही माहिती मला तिथून आल्यावर शोधावीशी वाटली, एवढं नक्की.) तिकीट द्यायला लाज वाटत नाही, कारण पैसे कुठे जातात ते समोर दिसतं. गोव्यात चोडणला जा. मांडवी नदीतल्या बेटावर सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या जरासं वर. रायबंदरहून फेरीबोटीनं जावं लागतं, आणि ती फेरीबोटच अर्धी गर्दी गाळते. आत आहे काय? कांदळवनातली वाट आणि एक मनोरा. मी बघितलं तेव्हा तरी झोपाळे, स्टॉल दिसले नाहीत. मला वाटतं एवढ्या जागेला एवढंच पुरे असतं.

माझं म्हणणं सुविधा नकोत असं नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहितो, कारण खाली कमेंटमध्ये ‘विकासविरोधी’ येणारच आहे. माझ्या मावसभावाची खानावळ आहे, मे महिना आणि दिवाळी सोडली तर तिथे काय चालतं ते मला घरातलं माहीत आहे. पर्यटक यायलाच हवेत. आणि खाडीवर आलेल्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं? स्वच्छ संडास. पाणी. सावली. या तिन्हींचा नकाशात एकाच चौकोनात उरक केलाय आणि तो चौकोन भरतीरेषेपासून हाताच्या अंतरावर आहे. शोषखड्डा काढणार म्हणे. अहो, जिथे चार फुटांवर पाणी लागतं तिथे शोषखड्डा काय शोषणार? सगळं खाडीत. त्याच खाडीत बायका कालवं काढायला उतरणार, आणि ती कालवं तुमच्या-आमच्या ताटात.

बायकांवरून आठवलं. नकाशा घेऊन मी आमच्या काकींकडे गेलो होतो, नात्यातल्या नाहीत, पण सगळं गाव काकीच म्हणतं. पन्नास वर्षं त्या खाडीत उतरतायत. मी मोठ्या उत्साहानं पक्ष्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नकाशा उलटा धरून बघितला आणि विचारलं, “कुंपण घातल्यानी तर आमी खंयसून उतरुचा?”

माळावरून खाली जाणारी पायवाट आहे, ओहोटीला बायका टोपल्या, कोयते घेऊन तिथूनच उतरतात. नकाशात ती नाही. तिच्यावरून कंपाऊंड वॉल जाते, तिकीटखिडकीपर्यंत. मी पक्ष्यांचाच विचार करत होतो, मलाही ते दिसलं नव्हतं. काकी पक्ष्यांबद्दल एकच बोलल्या: ते आधीपासून आहेत, आम्ही गेलो की बाजूला होतात, परत बसतात. याचं उत्तर आहे माझ्याकडे. सहा बायका रोज एकाच वाटेनं, एकाच चालीनं जातात तेव्हा पक्षी त्यांना ओळखून असतात. सुट्टीच्या दिवशी शंभर गाड्या, हॉर्न, ड्रोन आणि मोकळं सोडलेलं कुत्रं, याची सवय कुठल्याच पक्ष्याला होत नाही. भरतीच्या वेळी उठवला तर त्याला दुसरीकडे बसायला जागा नाही, तो घिरट्या घालत राहतो, आणि ओहोटीला जे खाल्लं ते भरतीला उडण्यात जाळतो. रात्री वर हायमास्ट. पक्ष्यांना रात्रीची ओहोटीही चरायला लागते. एक-दोन हंगाम असं झालं की ते यायचे बंद होतात. मग मनोऱ्यावरून बघणार काय?

वृक्षारोपणाचंही थोडक्यात सांगतो. ‘उघड्या चिखलावर पाच हजार कांदळ रोपं लावणार’ असं त्या कागदात अभिमानानं लिहिलंय. ऐकायला छान. पण उघडा चिखल उघडाच राहू दे. तोडलेलं कांदळवन परत लावा, शंभर टक्के लावा. ज्या चिखलावर कधी झाड नव्हतं तिथे फोटोसाठी रोपं लावलीत तर कुरलाचं ताट काढून घेतलंत एवढाच अर्थ होतो.

मग करायचं काय? मी आर्किटेक्ट नाही, पण गावात राहतो. पार्किंग एसटी स्टँडमागच्या जुन्या गोदामाच्या आवारात करा, खाडीपासून चालत सात मिनिटं. वाटेत दोन किराणा दुकानं, एक खानावळ, एक सोलकढीवाला आहे, त्यांचं भलं होईल. संडास तिथेच, गावाच्या सांडपाण्याला जोडून. म्हाताऱ्यांसाठी, अपंगांसाठी एक बॅटरी गाडी. माळाला हात लावू नका. त्याच्या कडेला शाळेची भिंत आहेच, तिला चार भोकं पाडून आत बाकडी ठेवली की आडोसा तयार, पक्ष्यांना माणूस दिसत नाही आणि माणसाला पक्षी दिसतात. मराठी नावांचे फलक लावा, चिखल्या, तुतवार, शेकाट्या, निवटीसुद्धा. तिवरांतली लाकडी पायवाट करायचीच तर खांबांवर करा, खालून पाणी खेळू दे, भराव घालू नका. सीआरझेडमध्ये अशा पायवाटांना सवलत आहे, पण किनारा व्यवस्थापन आराखड्यात दाखवलेल्या जागी आणि पर्यटनाच्या मंजूर आराखड्यानुसार. तो आराखडा आमच्या खाडीसाठी झालाय का, एवढा एक प्रश्न मी लेखी विचारलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो. वल्ह्याच्या होड्या या खाडीत उतरणाऱ्या बायकांच्या गटाला द्या, बाहेरच्या ठेकेदाराला नको. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं बघायला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरचं जेवतात. तिथे किनाऱ्यावर रिसॉर्ट नाही म्हणून कुणी परत गेल्याचं मी ऐकलं नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी ठरलेल्या खर्चापेक्षा स्वस्तात होतात. आणि माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रकारितेचा अनुभव असा की अडचण नेमकी तिथेच असते. भिंतीला पाडलेल्या भोकाचं उद्घाटन करता येत नाही. कोनशिला कुठे बसवणार?

एक गोष्ट मान्य करतो. नगरपंचायतीतल्या ज्या तरुण इंजिनिअरनं हा नकाशा केला, त्याला मी माळावर नेलं. मुलगा घाटावरचा, समुद्र पहिल्यांदा नोकरीला आल्यावर पाहिलेला. भरतीच्या वेळी गेलो. माळावर पक्षी होते, मी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, मी इथं सर्व्हेला आलतो तवा एक पण नव्हता.” मी विचारलं किती वाजता आला होता. सकाळी अकराला, अष्टमीच्या आसपास. म्हणजे ओहोटी. पक्षी तेव्हा खाली चिखलावर होते. त्यानं जे पाहिलं तेच काढलं. बदल करता येईल का विचारल्यावर म्हणाला, लेखी हरकत आली तर मला वर दाखवता येईल, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

तेव्हा गाववाल्यांनो, हरकती घ्यायची बैठक येत्या चतुर्थीला सकाळी अकरा वाजता नगरपंचायतीच्या सभागृहात आहे. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, मेसेज करा, पाठवतो. सही स्वतःची करा आणि पोच घ्या. पायवाटेची हरकत काकी स्वतः मांडणार आहेत, त्यांना आधी बोलू द्या. बैठक एक-दीडला संपेल. त्या दिवशी भरती तिथीच्या हिशेबानं तीनची, आपल्याकडे थोडी आधीच भरेल. दोनच्या सुमारास शाळेच्या भिंतीमागे या, माळावर पाय ठेवू नका, कुत्रा आणू नका. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीनं बघू.